सात फुटी की बुटका

परवा मी आणि नितीन माले गावी माझ्या आत्याकडे बसलो होतो. वाद आमचा नेहमीचाच: अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या तरुण पोरांत पहिला नंबर कुणाचा, कुणाला धरून टीम उभारायची?

नितीन म्हणाला, "सात फुटी पोरगा, वय एकवीस. विषय संपला!"

"अरे, त्याचा गुडघा दुखरा आहे," मी म्हटलं. "माझा बुटका बघ, बाकीच्या चौघांना सांभाळून घेतो."

आमच्या ताईचं लग्न जमवायच्या खटपटीत असलेली आत्या वाल सोलता सोलता सगळं ऐकत होती. तिनं निकालच दिला, "बुटकाच धरा."

नितीन पेटला. "आत्या, अहो उंची बघा की!"

"उंची घिऊन काय करू? पोरीला संसार करायचाय, का माळ्यावरचं डबं काढायचंत?"