न घेतलेली भूल

माझ्या बाळंतपणाच्या बिलावरून मी सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांशी भांडले, ते सांगितलं का तुम्हाला? डिलिव्हरी नॉर्मल, आणि बिलात चक्क भूलतज्ज्ञांची फी!

म्हटलं, "डॉक्टर, मला भूल कधी दिलीत?"

"अहो, विमा कंपनी भरणार आहे. तुमचं काय जातंय?"

डोकंच फिरलं माझं. "कळा मी सोसायच्या, आणि कागदोपत्री मी झोपले होते?"

"त्या वेळचं बायकांना नीट आठवत नाही हो."

"मला सगळं आठवतंय. मी ओरडत होते, तेव्हा तुम्हीच म्हणालात, 'जरा हळू, खाली क्लास चालू आहे.' भूल दिलेल्या बाईला असं सांगतात?"

डॉक्टरांनी बिलातली ती ओळ खोडली.

बाहेर पडताना सिस्टर कानाशी म्हणाली, "ताई, क्लास त्या दिवशी अर्ध्यातच सुटला होता."