सावडीच्या रकान्यात

हॅलो? … कोण, अंबामावशी? … अगं हो, वैजयंतीच बोलतेय. घोडेगावात, ऑफिसात. … यादी लागली का गावात? … हो. तुझं नाव नाही. माहितेय मला.

नाही, नाही, साहेबांनी नाही गाळलं. … अगं ऐक ना. मी गाळलं. … मीच.

फॉर्म भरायला तुझ्या ओट्यावर आले होते ना? … हां, तू नाचणी पाखडत होतीस. मी विचारलं, कळंबच्या सोपानरावांकडे कांदा लावायला कशी जातेस? तू म्हणालीस, 'सावडीनं'. मी सावडीच्या रकान्यात खूण केली. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. त्यात मजुरी नसतेच. मग कमी मजुरीच्या यादीत नाव कसं येणार?

… हो, चूक माझीच. तू एकवीस दिवस गेलीस, ते लिहिलं. ते तुझ्याकडे किती दिवस आले, हे विचारलंच नाही. … बोल, बोल. एमएस्सी करून एवढंच शिकले.

… बदल्यात ट्रॅक्टर पाठवतो म्हणाले सोपानराव? कधीपासून म्हणतायत? … अगं, पण तुझ्या एवढ्याशा खाचरात ट्रॅक्टर वळणार तरी कुठं?

एकवीस दिवस, दोन वेळचं जेवण आणि शेवटी गोणीभर कांदा. याला सावड नाही म्हणत, मावशी. पोटावारी म्हणतात. नुसत्या जेवणावर राबवून घेणं. … हो, तुझ्या सासूच्या तोंडचाच शब्द. … चिडू नकोस ना. लाचार नाही म्हणत तुला. लाज त्यांना वाटायला हवी.

ऐक. यादी उद्या दुपारी तहसीलला जाणार. सकाळच्या एसटीनं ये, साहेबांसमोर एवढंच सांग, मी फॉर्म बदलते. मजुरीचा फरक मिळेल. … का नाही? … अजून कुणाचं नाव लिहावं लागेल?

आमचं?

… हो, येतेस. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, दरवर्षी येतेस आमच्याकडे. पण मावशी, आपण शेजारी… आई आली असेल की तुझ्याकडे. … एकदाही नाही? … बाबांची कंबर… हो. आमचा भरतदादा होता घरात. धडधाकट होता. … मी पुण्याला होते.

… जेवण, आणि आईचं जुनं लुगडं. … हो. तेही पोटावारीच.

किती वर्षं? … नऊ. … थांब, लिहिते. मालकाच्या रकान्यात बाबांचं नाव… नाही, थट्टा नाही. … का खोडू? … मग सोपानरावांचं तरी कसं लिहू? … म्हणजे दोन्ही नावं नकोत म्हणतेस? यादी अशीच जाऊ दे?

… शेजार मोडायचा नाही. … कळलं गं. … पण तुझे पैसे, मावशी… बरं. नाही बोलत.

अगं, एक मिनिट. या आवणीला मी येते. आमच्या नाही, तुझ्या खाचरात. … हॅलो? मावशी? … ऐकलंस का?

… ठेवला.