वडिलांच्या गाडीची शिटी

आमच्या आईला गाड्यांतलं काही कळत नाही, पण परीक्षा तिनंच घेतली. वडिलांच्या माघारी त्यांच्या जुन्या गाडीत मी आणि सलीम मिस्त्रींनी कार्बुरेटरवालं जुनं टर्बो इंजिन बसवलं. टर्बोच्या दाबानं कार्बुरेटरमधून पेट्रोल झिरपायचं. पॅकिंग चारदा बदललं, चारही नोंदी वहीत आहेत. आईची अट होती, पहिली फेरी तिची, आणि तिला पटलं नाही तर वडिलांचंच इंजिन परत बसवायचं.

मावशीकडे मोताळ्याला निघालो. साठच्या पुढं गेलो आणि बारीक शिटी सुरू झाली.

“शिटी कोन मारून राह्यलं रे?”

“टर्बो हाय आई. इंजिनात हवा कोंबते, म्हनून वाजते.”

“तुह्या बापाच्या गाडीनं जन्मात कोनाले शिटी नाई मारली! पुढं माहं माहेर हाय. तिथं वाजली त काढ हे इंजिन.”

तिच्या माहेरातून, पिंपळगाव राजातून, मी बैलगाडीच्या चालीनं गेलो. टर्बो गप्प. शेवटचं घर मागं पडलं तशी तिनं वळून पाहिलं.

“गेलं गाव?”

“हाव.”

“मंग वाजव आता.”