पाण्याची सुई अन् सिस्टरचं बोट

सगळ्याले जय भीम. शेठजीच्या घरचे आले, त्यायले रामराम. मांडवाच्या बाहेर जे पोट्टे उन्हात उभे हायेत, ते आत सरका रे बाबू. ऊन लागन. आता ऊन लागलं तं कोणाच्या दारात जासान? जिच्या दारात जात होतो, तिचाच फोटो इथं हार घालून ठेवला हाये.

मले बोलता येत नाई. हसू नोका. नळावर, बसमधी, लग्नात मी किती बोलतो हे अख्ख्या हिंगणीले माहीत हाये. पण माईकापुढं कधी बोलली नाई. शाळा माही दुसरीत सुटली, अन् त्यातही अर्धे दिवस म्हशीमांगं गेले. चुकलं तं समजून घ्या. अन् मनीषा, पोरी, तुह्या मायबद्दल बोलताना मी मधीच हसली तं राग नोको धरू. मले रडू येतेच. पण तिची आठवण आली का हसू पयले येते. काय करू?

निर्मला. तुमच्यासाठी सिस्टर, सरकारी दवाखान्यातली. माह्यासाठी निर्मला. ती मले आजी म्हणे, अन् मी तिले तू-तुकारी करो. दवाखान्यात गेली का ती पयले माहं मनगट धरे, घड्याळाकडं पाहे, अन् म्हणे, "आजी, चूप बस. मले नाडी मोजू दे." मी चूप बसो का? माहं सुरूच. भाजी काय केली, पोरीचं स्थळ कुठून आलं, शेजारीण काय बोलली. ती मोजता मोजता चुके अन् पुन्हा पयल्यापासून मोजे. चिडे नाई. "तुही नाडी दोनदा पाहावी लागते, एकदा तुह्यासाठी अन् एकदा तुह्या तोंडासाठी," असं म्हणे.

तं झालं असं, का माहे पाय सुजले. साधे नाई, कोहळ्यासारखे. बोट दाबलं का खड्डा पडे, अन् तो तसाच राहे. माही नात पौर्णिमा म्हणे, "आजी, तुह्या पायावर बोटानं नाव लिहिता येईन." आडवं पडलं का दम लागे. उशीवर उशी ठेवली तरी बसूनच झोप. मंग वर्ध्याले नेलं. डॉक्टर म्हणे, हृदय थकलं हाये, अंगात पाणी साचलं. नसेतून पाण्याची सुई देल्ली. पाण्याची म्हणजे पाणी काढाची.

अन् काय सांगू बाप्पा! लघवी अशी झाली, का मले वाटलं बोर धरणाचा दरवाजाच उघडला. विहारात असं बोलू नाई. पण निर्मला कधी लघवीचं लाजली नाई, मंग मी कायले लाजू? दुसऱ्या दिवशी दम गेला, पाय उतरले, मले चप्पल आली. मले त्या सुईचा असा लळा लागला, जसा लेकराले गोळीबिस्किटाचा लागते.

घरी आली. आता आपल्याकडचं ऊन तुमाले माहीत हाये. अन् आपल्या लोकायचं डोकंही. माही सून शीला म्हणे, "एवढं पाणी अंगातून गेलं, बुढी सुकून जाईन." शेठाणीबाई, तुमी इथंच बसल्या हायेत, मी तुमाले नाव ठेवत नाई बरं, मायेनंच केलं तुमी. तुमी कैरीचं पन्हं पाठवलं, गंजभर, म्हणजे पातेलंभर. मीठ घालून, जिरं घालून. ऊन लागू नाई म्हणून आपण लेकरायले देतो तसं. मी गिलास तोंडाले लावला, अन् तेवढ्यात निर्मला दारात.

"हे काय हाये?"

"पन्हं. गेलेलं पाणी भरून काढून राह्यली."

तिनं गिलास माह्या हातातून घेतला. मले वाटलं आता फेकते. नाई. उभ्यानंच सगळा पेली. ओठ पुसले, अन् म्हणे, "शेठाणीबाईच्या हाताले लय चव हाये. शीला, त्यायले सांगजो, आजपासून आजीचं पन्हं माह्या घरी पाठवा म्हणा." मंग माह्यासमोर बसली. "आजी, डॉक्टरनं सुईनं जे पाणी काढलं, ते तू गिलासानं परत भरून राह्यली. अन् मिठासंगं. मीठ पाण्याले धरून ठेवते. तुह्यासाठी मीठ कमी, अन् पाणी डॉक्टरनं सांगतलं तेवढंच. रोज सकाळी वजन पाहाचं. वजन एकाएकी वाढलं तं मले सांगाचं, पन्ह्याले नाई."

तवापासून दर उन्हाळ्यात शेठाणीबाईचं पन्हं निर्मलाच्या घरी गेलं. आजही एक गिलास फोटोपुढं ठेवला हाये. मी पाह्यला.

आता खरी गोष्ट. पौर्णिमाले पोरगी झाली. माही पणती! सासर तिचं पिपरी मेघेले. बारसं ठरलं. मी माह्या मायचे चांदीचे तोडे घासून काढले. ते घालून पणतीले मांडीवर घ्याचं, एवढंच माह्या मनात होतं. मले दुसरं काई दिसत नव्हतं. अन् बारशाच्या सकाळी तोडे पायात चढेना. पुन्हा सूज.

मी लगेच दवाखान्यात. "निर्मला, सुई दे."

"कायची?"

"पाण्याची. वर्ध्याले देल्लती तीच. तोडे घालाचे हायेत."

"तोड्यासाठी सुई? उद्या म्हणशील बांगडी चढत नाई, हात काप." असं म्हणून तिनं मनगट धरलं. "चूप बस." मंग म्हणे, "जीभ दाखव. तोंड तं कोरडं हाये. पोट कसं हाये?"

"पोट चालू हाये कालपासून. लग्नातली बुंदी बाधली."

"लघवी?"

"नाई म्हणावं इतकीच."

"अन् पाणी काढाची रोजची गोळी घेतली?"

"घेतली ना. तूच म्हतलं होतं चुकवू नोको."

तिनं मले झोपवून बीपी पाह्यला. मंग उभं केलं अन् पुन्हा पाह्यला. उभी झाली तशी माह्या डोळ्यापुढं अंधारी. तिचा खांदा धरला म्हणून वाचली. तेवढ्यात माह्या कमरेचा बटवा खाली पडला, अन् त्यातून पाकीट निघालं.

"हे काय?"

"गुडघ्याची गोळी. मेडिकलमधून आणली."

"रोज खातेस?"

"रोज नाई. दुखते तवाच."

"अन् दुखते कवा?"

"रोज."

आता हसून राह्यले तुमी. तवा ती नाई हसली. म्हणे, "आजी, ह्या गोळ्या अंगात पाणी अडवतात, अन् किडनीलेही जड जातात. तुह्या पायात पाणी हाये, पण नसेत कमी पडलं. जुलाबानं आधीच गेलं. आता सुई देल्ली तं जे हाये तेही निघून जाईन. बीपी पडन. अंगातले क्षार कमी झाले तं ठोके चुकतीन. सूज दिसली म्हणून मी सुई ठोकू का?"

मी लय हात जोडले. मंग भांडली. "तू नाई देत तं दुसरं कोणी देईन."

ती म्हणे, "देईन कोणी. मंग पौर्णिमा तिकडं पोरीचं नाव ठेवन, का तुले पाहाले इकडं धावत येईन?"

मी खाली पडलेला बटवा उचलून कमरेले खोसला.

तिनं गाडी बोलावली अन् स्वतः संगं बसली. वर्धा आलं. पिपरी मेघे तिथून हाकेवर. तिकडं माह्या पणतीच्या कानात नाव सांगून राह्यले, अन् इकडं माह्या हातात सलाईन. रक्त तपासलं. क्षार कमी, किडनी थकलेली. डॉक्टर म्हणे, आज ती सुई देल्ली असती तं बुढी हाती लागली नसती. पाण्याची गोळी काही दिवस थांबवली. गुडघ्याची गोळी कायमची बंद केली.

मी निर्मलाले काय काय बोलली! हट्टी म्हतलं. दगड म्हतलं. तुह्यामुळं माह्या पणतीचं बारसं चुकलं म्हतलं. तिनं काय केलं माहीत हाये? माहं मनगट धरून बसली. म्हणे, "बोल. बोलून राह्यली तवरोक मले काळजी नाई."

हे ऐका, हे महत्त्वाचं हाये. पुढं पावसाळ्यात पुन्हा दम लागला. तवा पोट साफ होतं, बीपी बरा होता, रक्ताचा रिपोर्ट बरा होता. डॉक्टरनं तपासलं अन् म्हतलं, आता द्या सुई. अन् निर्मलानं देल्ली. तीच सुई, जी मी रडून मागत होती. देण्याआधी किती विचारलं! सल्फाच्या औषधानं कधी अंगावर गांधी उठल्या का? कानाले जड जाते असं कोणतं औषध चालू हाये का? दुसरी कोणती सुई घेऊन राह्यली का? अन् मंग नसेतून इतकी हळू, इतकी हळू ढकलली, का मले कंटाळा आला.

"ढकल ना वं, बस निघून जाईन."

"बस दुसरी येईन. घाईनं ढकललं तं कानात घंटी वाजते, ऐकूही कमी येऊ शकते. मंग माह्या शिव्या कशा ऐकशील?"

अन् सुई झाल्यावर गेली का? नाई. बाजूले बसली. बीपी पाहे, लघवी मापे, चक्कर येते का विचारे. तोच हात अन् तीच सुई. त्या दिवशी नाई म्हतलं तेही माह्यासाठीच, अन् ह्या दिवशी देल्ली तेही माह्यासाठीच. हे समजाले मले वेळ लागला. माही शाळा दुसरीतच सुटली ना.

बाया हो, भाऊ हो, एवढं ध्यानात ठेवा. पाय सुजले, दम लागला, तं डॉक्टरकडं जा. पण "मले सुईच ठोका" म्हणू नोका. काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, पोट कसं हाये, सगळं सांगा. बटवा उघडून दाखवा. लाजू नोका. ती नव्हती लाजत.

एक बारसं चुकलं माहं. पण त्याच्यानंतरचं सगळं भेटलं. पणतीचं पयलं पाऊल माह्या अंगणात पडलं. तिनं मले "बुढी" म्हतलं, तेही ऐकलं. पाहा, तथी समोर बसली हाये संघमित्रा, समोरचे दात पडलेली. शाळेत जाते आता. माहे तोडे घालून घरभर खणखण करत फिरते, अन् मी पलंगावर बसून पाहतो. मले असं सुख होते का काय सांगू! हे सुख मले कोणी देल्लं? त्या "नाई देत" म्हणणाऱ्या बाईनं देल्लं.

अन् ती स्वतः कशी गेली? दुपारी जेवली, खुर्चीत टेकली अन् गेली. जन्मभर आपल्या नाड्या पाह्यल्या तिनं. तिची पाहाले कोणाले वेळच देल्ला नाई. निर्मला, हे बरं नाई केलं तू.

आता शेवटचं. श्रद्धांजलीले सगळे उभे राहतात तसं आपण उभं राहू. पण नुसतं उभं राहाचं नाई. बाजूच्याचं मनगट धरा. अंगठ्यानं नाई, बोटानं. ती म्हणे, अंगठ्यानं धरलं तं आपलीच नाडी आपल्याले लागते. शेठाणीबाई, तुमचा हात माह्याकडं द्या. मनीषा, तू इकडं ये, पोरी, तुहा हात संघमित्राच्या हातात दे. सापडली का नाडी? नाई सापडली तं जरा वर पाहा. हां.

आता कोणी बोलू नोका. जन्मभर ती मले चूप बस म्हणत राह्यली, अन् मी एकदाही बसली नाई.

निर्मला, मोज आता. मी चूप हावो.