स्टुलावरून पडल्याची नोंद

हाडांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत निवृत्त ग्रंथपाल पुस्तक उघडून बसले होते. पण शेजारचं जोडपं बोलू लागलं आणि पान काही उलटेना. बाईंचा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता.

"मी स्टुलावरून पडले तेव्हा तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात ना?"

"भूकंपाच्या यंत्रापाशी. अगं, आलेख काय उसळला!"

"मी ओरडत होते."

"ऐकलं की. मला वाटलं, तुलाही धक्का जाणवला."

"मग धावत यायचं!"

"आधी बाकीच्या हौशी मंडळींच्या यंत्रांवर दिसतोय का, ते नेटवर बघावं लागतं. कुणाकडेच दिसेना."

"कसा दिसेल? त्यांच्या बायका कुठे पडल्या होत्या?"

"तेच लक्षात आलं, म्हणून तर लगेच आलो."

"लगेच? आज घरी गेल्यावर ते यंत्र भंगारात."

"अगं, चार वर्षांच्या नोंदी आहेत त्यात! एक सेकंद चुकलेला नाही."

नर्स कागद घेऊन आली. "कधी पडलात, आजी?"

"सकाळी, दहाच्या सुमारास."

"दहा वाजून चौदा मिनिटं, सात सेकंद," आजोबा म्हणाले. "बघ, आला की नाही उपयोगाला?"

"लिहा, सिस्टर. खाली हेही लिहा, नवरा आला दहा चोवीसला."

आजोबा घुटमळले.

"पंचवीसला," ते पुटपुटले. "नोंद चुकायला नको."