भुरीचं आंबोण

...आन् सोमवार धरला, गुरुवार धरला, आता शनवारबी अंगावर आला, तुमाला सांगते बायांनो, आठवड्यात जेवायला वारच उरंना! कशापायी? तर लगीन होऊन इतकी वर्सं झाली, माझी कूस उजवंना.

आत्याबाई म्हणत्यात, "सूनबाई, दही खाऊ नगंस, थंड असतंय, गर्भ धरत न्हाई." बरं, न्हाई खात. जाऊबाई म्हणत्यात, "अंडं नगं, तीळ नगं, उष्ण पडतंय, धरल्यालं गळतंय." अवो, धरलंय कुठं गळायला? दूध-तूप तर भोरच्या बाजाराला जातंय. मग खायचं काय, त्ये कुणी सांगंना. समद्यांची जेवणं झाली की मडकं खरवडायचं, नाचणीची कोर आन् मिठाचा खडा... त्योबी उपास नसंल तर.

त्यात आमची म्हैस, भुरी. तीबी गाभण ऱ्हाईना. मग तिला उपास धरला का? छ्या! धन्यांनी तिच्या बरगड्या चाचपल्या आन् म्हणालं, "आई, हिच्या अंगात कायबी न्हाई, कशी गाभण ऱ्हाईल? आधी खाऊ घाल." झालं, भुरीला सरकी, पेंड, वर गुळाचं पाणी. त्ये आंबोण कालवायचं कुणी? म्या. उपाशीपोटी. वास असा सुटायचा, एकदा बोट चाटलं... हसू नगा गं.

एक दिस धीर करून म्हणलं, "आत्याबाई, माझ्याबी बरगड्या दिसत्यात." तर म्हणत्यात कशा, "अगं, दिवस तर जाऊ देत, मग डिंकाचं लाडू करीन, तूप वाढीन, मागशील त्ये देईन." म्हंजी पोर ऱ्हायल्यावर खायचं, आन् खाल्ल्याबिगर पोर ऱ्हायचं कसं, त्ये कुणी सांगंना. वर धाक, शिमग्यापातुर दिवस गेल्याचं कळलं न्हाई तर सारोळ्याची पोरगी सवत म्हणून आणायची. बघून ठेवलीया, अंगानं चांगली भरल्याली. रडू येतंय वो. माझ्यासाठनं येतंय आन् तिच्यासाठनंबी. हितं आल्यावर ती भरल्याली किती दिस ऱ्हाईल?

आन् काल, ऐका, जनावरातला जाणकार सोनबा आला, भुरीला तपासली आन् म्हणाला, "गाभण हाय." समदं घर हरखलं. आत्याबाईंनी देवीला हात जोडलं, "आई, पावलीस गं! भुरीसाठनं मंगळवारचा उपास बोलले हुते, आता कडक धरायचं."

आता आत्याबाईंना तर उपासानं पित्त हुतंय. भुरीला उपाशी ठिवायची न्हाई, ती पोटुशी. जाऊबाईंच्या अंगावर प्वार पितंय.

उठते बायांनो. भुरीचं आंबोण कालवायचंय... आन् उद्या मंगळवार हाय.