टोपीतली डहाळी

खाटकाच्या दुकानाबाहेर रांगेत माझ्यापुढे म्हातारा वेंडेलिन आणि त्याची सून बुर्गी उभे होते. शेजारच्या ढकलगाडीवर हरीण होतं. दोघांत टोपी एकच, तीही सुनेच्या डोक्यावर.

"बाबा, खरं सांगा, ती बकरी आहे हे कधी कळलं?"

"कुठली बकरी?"

"हरणाचा माग म्हणून जिच्यामागे मला दोन तास बर्फात पळवलंत ती."

"ताज्या बर्फात सगळे खूर सारखेच दिसतात."

"आणि गळ्यातली घंटा?"

"मला कमी ऐकू येतं."

"आई जेवायला हाक मारतात, ती बरी ऐकू येते!"

"तू पाव खात बसलीस म्हणून हरीण समोर आलं. नशीब तुझं."

"गोळीही पावातूनच सुटली वाटतं?"

"गोळी बरी होती."

"घरातल्या बायका शिकारीला नकोत म्हणायचात."

"अजूनही म्हणतो."

"मग पाइनची डहाळी का दिलीत मला?"

"हरीण मारणाऱ्याच्या टोपीत साथीदाराने डहाळी खोवायची, ही रीतच आहे."

"मला टोपी नव्हती, तर स्वतःची काढून दिलीत. तीही रीतच का?"

म्हातारा उघडे कान चोळू लागला.

"कान लाल झालेत तुमचे. घ्या परत."

"डहाळी सुकेपर्यंत राहू दे."

"पाइनची आहे, बाबा. नाताळपर्यंत सुकायची नाही."

"ठाऊक आहे मला. सरक पुढे, रांग हलली."